सामाईक फोल्डरांची दुरून व्यवस्था

'सामाईक' हा शब्द जमिनीच्या कागदपत्रांत रूढ आहे. सामाईक विहीर म्हटली की, वहिवाट कोणाची आणि पाण्याची पाळी कोणाची, हे प्रश्न ओघानेच येतात. संगणकांच्या जाळ्यातील सामाईक फोल्डर हीही तशीच वहिवाटीची वस्तू होय. ज्या संस्थांची हस्तलिखिते, कोशाच्या नोंदी वा परीक्षांचे गुणतक्ते आता अशा फोल्डरांत राहतात, त्यांनी ही व्यवस्था सर्वस्वी तंत्रज्ञावर सोपवून स्वस्थ बसावे, असे मला वाटत नाही. प्रस्तुत विवेचन विंडोज प्रणालीपुरते आहे.

जाळ्यावरून येणाऱ्या माणसास दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला सामाईकपणाचा, तेथे वाचन, बदल व पूर्ण नियंत्रण असे तीनच अधिकार. दुसरा एन.टी.एफ.एस. ह्या फाइलव्यवस्थेचा; तेथील अधिकार अधिक बारकाव्याचे असून एकेका फाइलीपर्यंत पोचतात. दोहोंत जो अधिक कडक तोच चालतो. आतल्या दाराशी पूर्ण नियंत्रण आणि बाहेरच्या दाराशी केवळ वाचन असेल, तर त्या माणसास एक अक्षरही बदलता येत नाही. 'अधिकार दिला तरी फाइल जतन होत नाही' ह्या नित्याच्या तक्रारीचा उगम बहुधा येथेच सापडतो. मात्र जो त्या संगणकासमोरच बसला आहे, त्यास पहिला दरवाजा लागतच नाही. म्हणून केवळ सामाईकपणाच्या अधिकारांवर विसंबून गोपनीय कागद ठेवणे म्हणजे वेशीला कुलूप घालून घर उघडे टाकणे होय.

हे सारे पाहण्यासाठी त्या संगणकापर्यंत चालत जाण्याचे कारण नाही. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' ह्या साधनातून दूरच्या संगणकाशी जोडणी करता येते. त्यावर आपणांस व्यवस्थापकाचा अधिकार हवा आणि त्याच्या फायरवॉलने वाट अडवलेली नसावी, एवढेच. तेथे 'शेअर्ड फोल्डर्स' ह्या सदराखाली तीन याद्या आढळतात. 'शेअर्स' मध्ये सामाईक फोल्डर, 'सेशन्स' मध्ये कोण कोणत्या संगणकावरून केव्हापासून जोडलेला आहे व किती वेळ निष्क्रिय आहे ते, आणि 'ओपन फाइल्स' मध्ये कोणती फाइल कोणी उघडली आहे ते. ह्या तिसऱ्या यादीचा उपयोग सर्वांत अधिक. 'फाइल दुसऱ्याने उघडली आहे' असे सांगून संगणक लिहू देत नाही, तेव्हा तो दुसरा कोण हे येथे कळते. येथूनच ती फाइल बळाने बंदही करता येते. परंतु समोरच्याने जतन न केलेले लेखन त्यासरशी नाहीसे होऊ शकते, आणि हे साधन त्याला आपण होऊन पूर्वसूचना देत नाही. निष्क्रियतेचा काळ पाहून 'माणूस उठून गेला असेल' असा तर्क करणे धोक्याचे. तासभर मुद्रिते वाचीत बसलेला संपादकही यादीत निष्क्रियच दिसू शकतो. आधी दूरध्वनी करावा.

सामाईकपण थांबवले म्हणजे फोल्डर पुसला जातो, ही नवशिक्यांची भीती निराधार आहे. केवळ बाहेरची वाट बंद होते. उलटपक्षी, नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असलेला फोल्डर जाळ्यावरील यादीत दिसत नाही, म्हणून तो सुरक्षित समजणारे उगाच निर्धास्त असतात. नाव ठाऊक असलेल्यास तो मागता येतोच. त्याला अडवतात ते अधिकार, चिन्ह नव्हे.

ही देवघेव एस.एम.बी. ह्या संकेतपद्धतीने चालते. तिचे मूळ १९८३ च्या सुमाराचे, आय.बी.एम. कंपनीतले. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या वापरातील एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली होती. तरीही १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने दुरुस्ती न केलेले संगणक जगभर गाठले आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यानंतरच्या विंडोजमध्ये ही जुनी आवृत्ती सहसा आपोआप चालू नसते. एखादा जुना स्कॅनर चालावा म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचा आग्रह कार्यालयांत होतो. माझ्या मते तो मानू नये. स्कॅनर बदलावा, आणि पैसे नसतील तर त्याचे कागद पेनड्राइव्हने आणावेत.