पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील प्रणालीस्तरीय साधने आणि मराठी फाइली : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात

बीजशब्द : पायथन, प्रमाण ग्रंथालय, कार्यप्रणाली, युनिकोड, यूटीएफ-८, देवनागरी, खानदेश

प्रस्तावना

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली व २०१८ साली त्याचा नामविस्तार झाला. या परिसरातील महाविद्यालयांचा बराचसा व्यवहार मराठीतून चालतो. विद्यार्थ्यांची नावे, तालुकानिहाय याद्या, इतिवृत्ते, राष्ट्रीय सेवा योजनेचे अहवाल ही सारी सामग्री मराठी असते. संगणकावर साठविताना मात्र तिला रोमन लिपीतील नाव दिले जाते, आणि प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात तर 'माहिती इंग्रजीतच घ्या, मराठीने प्रोग्राम अडतो' असा सल्ला सर्रास ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. प्रोग्राम खरोखरच अडतो. निदान मात्र चुकीचे असते. दोष मराठीचा नसून प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधील दुव्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो. हा दुवा म्हणजे भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील प्रणालीस्तरीय साधने होत. प्रस्तुत लेखात पायथन या भाषेच्या आधारे त्यांचे विवेचन केले आहे.

प्रणालीस्तरीय साधनांचे स्वरूप

कोणतीही प्रोग्रामिंग भाषा स्वतःच्या बळावर आकडेमोड करू शकते, शब्दांची जुळवाजुळव करू शकते. परंतु तिला चकतीवरील फाइल स्वतः उघडता येत नाही. तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजेच कार्यप्रणालीचा असतो. कचेरीतील दप्तरखान्यात अर्जदारास थेट प्रवेश नसतो; त्याने खिडकीवर विहित नमुन्यात अर्ज द्यावयाचा आणि आतील कारकुनाने कागद आणून द्यावयाचा, तसाच हा प्रकार आहे. अडचण एवढीच, की विंडोजच्या खिडकीवरील अर्जाचा नमुना निराळा आणि लिनक्सच्या खिडकीवरील निराळा. प्रमाण ग्रंथालयातील मॉड्यूल हे दोन्ही नमुने भरून देण्याचे काम करतात, म्हणून जळगावच्या विंडोज यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम धुळ्याच्या लिनक्स यंत्रावर चालण्याची अपेक्षा धरता येते.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली. 'ओएस' हे मॉड्यूल फोल्डर चाळणे, फाइलचे नाव बदलणे, ती पुसणे ही मूलभूत कामे करते. 'सिस' हे चालू असलेल्या पायथनची स्वतःची माहिती देते. 'शुटिल' नक्कल करणे व हलविणे ही काहीशी वरच्या पातळीवरील कामे करते. इतर प्रोग्राम चालविण्यासाठी २००४ मधील २.४ आवृत्तीपासून 'सबप्रोसेस' आणि मार्ग लिहिण्यासाठी २०१४ मधील ३.४ आवृत्तीपासून 'पाथलिब' उपलब्ध झाले. स्थानिक भाषा व लिपी यांविषयी यंत्राची समजूत काय आहे, हे 'लोकेल' सांगते. पाठ्यपुस्तकांत या मॉड्यूलांस सामान्यतः शेवटचे एखादे प्रकरण मिळते, आणि सत्र संपत आल्याने तेच राहून जाते.

जळगाव वाचले जाते, धुळे अडते

मूळ प्रश्न समजण्यास एक लहानसा प्रयोग पुरेसा आहे. नोटपॅडमध्ये केवळ 'जळगाव' हा शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवावी. दुसऱ्या फाइलमध्ये केवळ 'धुळे' लिहावे. इंग्रजी भाषेसह बसविलेल्या विंडोज यंत्रावर पायथनच्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्तीत, एन्कोडिंगचा उल्लेख न करता, दोन्ही फाइली 'ओपन' या फंक्शनने वाचाव्यात. पहिली फाइल विनातक्रार वाचली जाते. दुसरी वाचताना पायथन युनिकोडविषयक त्रुटी दाखवून थांबते. विद्यार्थी गोंधळतो, आणि मराठी बेभरवशाची ठरते.

कारण असे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो वा मात्रा, तीन बाइट व्यापते. वाचताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन यंत्राच्या स्थानिक संकेताचा आश्रय घेते. अशा विंडोज यंत्रावर तो १२५२ क्रमांकाचा पश्चिम युरोपीय संकेत असतो. त्यात एका बाइटास एक चिन्ह असा हिशेब आहे, आणि २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत. षोडशमान पद्धतीत त्या ८१, ८डी, ८एफ, ९० व ९डी या होत. आता मराठीत नित्य येणारी चिन्हे पाहिली, तर ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, 'ए' चा ८एफ, 'ऐ' चा ९० आणि 'झ' चा ९डी असा येतो. 'धुळे' मध्ये ऱ्हस्व उकार आहे, म्हणून शून्यापासून मोजल्यास पाचव्या स्थानावरील बाइटाशी वाचन थांबते. 'जळगाव' च्या पंधराही बाइटांना त्या संकेतात कोणते ना कोणते चिन्ह सापडते, म्हणून तक्रार होत नाही.

परंतु तक्रार न होणे म्हणजे वाचन झाले असे नव्हे. हाती येतात ती पंधरा निरर्थक चिन्हे : डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', चलनाचे चिन्ह आणि असेच काही, पुनःपुन्हा. पाच चिन्हांच्या शब्दाची लांबी पंधरा भरते. अशा फाइलमध्ये जळगावचे विद्यार्थी मोजावयास सांगितल्यास उत्तर शून्य येते, आणि प्रोग्राम यशस्वी झाल्याचे समजून तो शून्य अहवालात उतरतो. तीच चिन्हे पुढे यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली, तर बिघाड दुहेरी होतो. धुळ्याची त्रुटी त्या मानाने उपकारक म्हणावी लागेल.

दोन्ही जिल्ह्यांतील तालुक्यांची नावे या कसोटीस लावल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. जळगाव जिल्ह्यातील पंधरा तालुक्यांपैकी भुसावळ व मुक्ताईनगर ही नावे ऱ्हस्व उकारापाशी आणि एरंडोल हे 'ए' पाशी अडते. जामनेर, धरणगाव, बोदवड, यावल, रावेर, अमळनेर, पारोळा, चोपडा, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि स्वतः जळगाव ही बारा नावे गुपचूप बिघडतात. धुळे जिल्ह्यातील चार तालुक्यांपैकी धुळे व साक्री अडतात, साक्री अर्थातच जोडाक्षरामुळे. शिरपूर व शिंदखेडा बिघडतात. एकोणिसांपैकी चौदा नावे पायथनने कोणतीही सूचना न देता चुकीची वाचावीत, ही गोष्ट शिक्षकांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

उपाय मात्र एका शब्दाचा आहे. 'ओपन' ला एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात साठविलेली फाइल असल्यास 'यूटीएफ-८-सिग' सांगावे, अन्यथा पहिल्या स्तंभाच्या मथळ्याला एक अदृश्य चिन्ह चिकटून राहते आणि तो मथळा शोधूनही सापडत नाही. २०१८ मधील ३.७ आवृत्तीपासून संपूर्ण पायथनच यूटीएफ-८ अवस्थेत सुरू करण्याची सोय आहे, ३.१५ या आवृत्तीपासून ती अवस्था आपोआप असावी, असा निर्णय सुधारणा प्रस्ताव क्रमांक ६८६ मध्ये घेण्यात आला. जुन्या आवृत्त्या प्रयोगशाळांत आहेत तोवर एन्कोडिंग लिहिण्याची सवय सोडता येणार नाही.

येथे 'सिस' व 'लोकेल' यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. 'सिस' ला भाषेचे मूलभूत एन्कोडिंग विचारल्यास पायथन ३ मध्ये उत्तर नेहमी यूटीएफ-८ येते. फाइलींच्या नावांचे एन्कोडिंग विचारले, तरी विंडोजवर २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून तेच उत्तर येते. त्यावरून सर्व ठीक आहे असा समज होतो. फाइलीतील मजकुराचे एन्कोडिंग मात्र 'लोकेल' ला विचारावे लागते, आणि तेथे १२५२ हे उत्तर मिळते. नाव आणि मजकूर यांची खाती वेगळी आहेत, हे एकदा ध्यानात आले की निम्मी अडचण संपते. श्रीलिपी वा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित मजकुराची गोष्ट निराळी. तेथे आधी रूपांतरच करावे लागते.

नावाची लांबी

धुळे येथे वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथील इतिहाससाधनांसारख्या संग्रहाची संगणकीय सूची करताना फाइलच्या नावातच विषय, व्यक्ती, ठिकाण व शक घालण्याचा मोह होतो. रुमालावर चिठ्ठी कितीही लांब लावता येते. फाइलच्या नावाला मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत ती २५५ एककांची असून देवनागरीचे एक चिन्ह एक एकक मानले जाते. लिनक्सवरील प्रचलित पद्धतींत ती २५५ बाइटांची आहे, म्हणजे केवळ ८५ देवनागरी चिन्हांची.

'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' हे नाव मोकळ्या जागांसह ५० चिन्हांचे आहे. 'ओएस' मधील 'एफएसएनकोड' या फंक्शनमधून ते काढून यूटीएफ-८ मध्ये लांबी मोजल्यास ती १४० बाइट भरते. पीडीएफचे शेपूट चार बाइटांचे. उरलेल्या १११ बाइटांत आणखी ३७ चिन्हे मावतात. परिपत्रकाचा विषय त्याहून मोठा असल्यास विंडोजवर निर्धास्त साठविलेली फाइल लिनक्स सर्व्हरवर चढविताना नाकारली जाते, आणि त्रुटीचा क्रमांक ३६ दिसतो. नक्कल करण्यापूर्वी सर्व नावांची बाइटांतील लांबी तपासणारा चार ओळींचा प्रोग्राम प्रात्यक्षिक म्हणूनही उत्तम आहे.

नक्कल, स्थलांतर आणि आज्ञा

'शुटिल' मधील 'कॉपी' फाइलचा मजकूर व परवानग्या उचलते, बदलाची तारीख उचलत नाही. 'कॉपी२' शक्य तेथे तारीखही राखते. मूल्यांकनासाठी जुनी कागदपत्रे एकत्र करताना पहिले फंक्शन वापरल्यास पाच वर्षांच्या फाइलींवर एकाच दिवसाची तारीख पडते. चकतीवरून पेनड्राइव्हवर फाइल नेताना 'ओएस' चे 'रिनेम' अयशस्वी होते, कारण नाव बदलण्याची क्रिया एकाच साठवण-विभागात शक्य असते. 'शुटिल' चे 'मूव्ह' अशा वेळी आधी नक्कल करते व मग मूळ प्रत पुसते. फोल्डरातील नावे देताना 'लिस्टडिर' कोणत्याही क्रमाची हमी देत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

दुसरा प्रोग्राम चालविण्यासाठी 'ओएस' मधील 'सिस्टिम' वापरण्याची जुनी रीत अजून प्रात्यक्षिक वह्यांत आढळते. त्यात संपूर्ण आज्ञा एका ओळीत जाते आणि 'सेवा पुस्तक' यातील मोकळ्या जागेपाशी नावाचे दोन तुकडे होतात. 'सबप्रोसेस' ला आज्ञेचे घटक यादीरूपाने दिल्यास नाव अखंड राहते.

या वह्यांबाबत आणखी एक गोष्ट. ग्रंथालयातून काही वस्तू काढूनही टाकल्या जातात. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून 'डिस्टयुटिल्स' गेले. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतून 'सीजीआय', 'क्रिप्ट', 'पाइप्स', 'टेलनेटलिब' आदी १९ मॉड्यूल एकाच वेळी वगळण्यात आले. त्यांवर बेतलेली प्रात्यक्षिके नव्या यंत्रावर पहिल्याच ओळीत थांबतात.

ग्रंथालय जेथे थांबते

दिसावयास एक, परंतु संगणकाच्या लेखी भिन्न अशी नावे मराठीत बरीच आहेत. 'शेतकऱ्यांची' यातील 'ऱ' हे एक स्वतंत्र चिन्ह असू शकते किंवा 'र' खाली नुक्ता देऊन घडविलेले असू शकते. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' या दोहोंना एकरूप करते. परंतु 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीने टंकलेला शब्द तसाच राहतो. 'ॲड.' मधील 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या फाइलींत तो 'अ' व चंद्र असा दोन चिन्हांचा असतो. हे दोन्ही प्रकारही 'नॉर्मलाइझ' एक मानत नाही. अशा जोड्यांचे छोटे कोष्टक महाविद्यालयाने स्वतः तयार करावे आणि शोध घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या नावांस लावावे.

वर्णक्रमाचेही असेच आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' चे स्थान 'ह' नंतर आहे. युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल' च्या लगेच पुढे आणि 'व' च्या आधी आहे. पायथनचे 'सॉर्टेड' तक्त्याचा क्रम पाळते. 'लोकेल' मधील 'स्ट्रएक्सफर्म' वापरून भाषेनुसार क्रम मागता येतो, पण तेथील नियम ग्रंथालयाचा नसून त्या त्या कार्यप्रणालीचा असतो, आणि मराठी लोकेल यंत्रावर बसविलेले नसल्यास तेही शक्य होत नाही. 'ळ' ला 'ह' नंतरचे स्थान देणारे तुलनेचे फंक्शन विद्यार्थ्यांकडून लिहवून घेता येईल. ते होईपर्यंत यादीत जळगाव हे जव्हारच्या आधीच येत राहील.