डोंगरची काळी मैना

केकवरची लालभडक 'चेरी' मुले आधी मटकावतात. ती बहुतेकदा चेरी नसतेच. बिया काढून, पाकात मुरवून रंगवलेले आपले करवंद असते! शहर ज्याला वर्षभर दुसऱ्याच नावाने खाते, त्याची खरी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

करवंदाला सह्याद्रीच्या मुरमाड उतारावर कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. तरी त्यात लोह आहे आणि ते अंगी लागायला मदत करणारे क जीवनसत्त्वही.

मार्च-एप्रिलमधली हिरवी करवंदे लोणच्याला उत्तम. चटणीसाठी मी ती चिरून, बिया काढून मिठाच्या पाण्यात ठेवते, चीक उतरतो. मग हिरवी मिरची, कोथिंबीर, ओले खोबरे आणि गुळाच्या खड्याबरोबर वाटते. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान धरते. मे महिन्यात पिकलेली काळी करवंदे मात्र नुसतीच खावीत. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आमच्या घरी अजून रंगतो.

पण या जाळ्या वणव्यात जळतात, बंगल्यांच्या प्लॉटसाठी उपटल्या जातात. काट्यांनी हात ओरबाडून घेत टोपली भरणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांचा हंगाम तर काही आठवड्यांचाच. घाटात त्यांच्याकडून पानाचा द्रोण घेताना निदान घासाघीस तरी करू नये, असे मला वाटते.