रापणीचा दोर आणि उसाची तोड



पुण्या-मुंबईच्या कंपन्या हल्ली आपल्या नोकरमंडळींना शनिवार-रविवार गाठून समुद्राकाठी नेतात. अलिबाग, काशीद, तारकर्ली ही त्यांची ठरलेली ठिकाणं. तिथं रस्सीखेच, डोळे बांधून चालणं असे खेळ घेतात आणि त्याला 'टीम बिल्डिंग' म्हणतात. सोमवारी कचेरीत परतल्यावर माणसांनी एकमेकांना धरून काम करावं, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नाही. पण सेलूकडच्या ऊसवाल्यांना हे कशाला हवं, असं आपण विचाराल. त्याचं उत्तर तोडणीत आहे.

गेल्या हंगामात तोडणीच्या पाळीवरून गटागटांत झालेली कुरबुर आपणास ठाऊक आहेच. सभासद म्हणतो, चिटबॉयनं माझा नंबर मागं ढकलला. चिटबॉय म्हणतो, लागणीची तारीखच चुकीची लिहून दिली. मुकादम म्हणतो, टोळी दोन दिवस बसून राहिली, तिची मजुरी कोण देणार? प्रत्येकजण आपल्या जागी खरा, आणि ऊस मात्र रानात उभा. म्हणून बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी सभासद, शेती खात्याची मंडळी आणि मुकादम एका गाडीत बसवून मालवणला न्यावेत, असं ठरलं. खर्चाचं विचाराल तर ज्यानं त्यानं वर्गणी भरली. कारखान्याच्या तिजोरीला तोशीस नाही.

श्री केशवराज बाबासाहेब महाराजांना नारळ फोडून आम्ही निघालो. पाथरी, माजलगाव, बीड करीत पंढरपूर, तिथून कोल्हापूर. पुढं राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो आणि कणकवलीवरून मालवण गाठलं. गाडीत पहिले काही तास सभासद पुढं, कर्मचारी मागं आणि मुकादम मंडळी खिडकीला अशी फाळणीच होती. पंढरपूरला भाकरी सोडल्या तेव्हा ती थोडी मोडली.

समुद्र पाहून आमच्यातले एक वयस्क सभासद म्हणाले, "एवढं पाणी, अन् पाटाला घ्यायला एक थेंब नाही!" दुधनेच्या पाण्याकडं डोळे लावून बसणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पहिल्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत मात्र गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबाव हे नाव ऐकून आमच्या मंडळींना कोण आनंद झाला! "हिचा उतारा किती?" असं एका चिटबॉयनं विचारलं आणि सगळे हसले. एकत्र हसण्याची ती पहिलीच वेळ.

खरं शिकायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी जाळं सोडीत समुद्रात अर्धगोल वळसा घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन दोरांवर दोन तुकड्या लागतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकत येतात. जाळं बाहेर यायला बराच वेळ लागतो. म्हातारे, पोरं, बाया, सगळे हात लावतात.

आम्हीही दोर धरला. आमचे गडी अंगानं दणकट. त्यांनी जोर लावला आणि आमची बाजू भराभर येऊ लागली. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळणार. तर तांडेल ओरडला, "सावकाश! दोनय दोर बराबर येवक व्हये!" एका बाजूचा दोर पुढं आला की जाळं तिरपं होतं आणि मासा मोकळ्या बाजूनं निसटतो. रस्सीखेचीत समोरच्याला पाडलं की आपण जिंकतो. इथं समोरची तुकडी मागं राहिली तर दोघांचंही नुकसान. आमच्या दोरावर सभासद, चिटबॉय आणि मुकादम एकामागं एक उभे होते. तिघांनाही हात आवरावा लागला.

जाळं वर आलं. बांगडे आणि तारली. त्या दिवशी मासळी बेताचीच होती. रापणकर सांगत होते, पूर्वीसारखा मासा आता काठाला येत नाही. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या जाळ्यांशी त्यांचं भांडण जुनं आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा, 2021 साली तो अधिक कडक झाला, तरी ही तक्रार संपलेली नाही. पण मासळी थोडी असो की जास्त, तिचा हिशेब तिथंच वाळूवर सर्वांसमोर होतो. लिलाव उघडा, वाटेही उघडे. जाळ्याचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे पोरालाही ठाऊक असतं.

त्या संध्याकाळी वाळूत बसून तोडणीचा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, "माझा खोडवा तुरा येऊन उभा होता. वजन घटलं. त्याचं दुःख हायेच. पण माझा नंबर कितवा होता हे मला कुणी सांगितलंच नाही, त्याचं जास्त हाये." चिटबॉय म्हणाला, "काका, नोंदवहीत तुमच्या लागणीची तारीख तुमच्याच पुतण्यानं दिलेली." मग दोघांनी मिळून तारखा लावून पाहिल्या. मुकादमानं आपलं सांगितलं: फडात वाट नसली की गाडी अडते आणि तोडलेला ऊस पडून राहतो. आवाज चढले, उतरले, पण कुणी उठून गेलं नाही.

मासा उन्हात ठेवला तर दुपारपर्यंत हातचा जातो. आपला ऊसही त्याच जातीचा. तोडल्यापासून 24 तासांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची पक्वता वेगवेगळी. म्हणून पाळी तारखेप्रमाणं लागली तरच उतारा राहतो, आणि एफआरपी उताऱ्यावरच ठरते. एकानं वशिल्यानं कवळा ऊस पुढं घातला तर दर सर्वांचाच उतरतो. ज्याला आपण माझा नंबर म्हणतो तो सगळ्यांच्या खिशाशी बांधलेला आहे.

बिल 14 दिवसांत मिळावं हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं सांगितलेलं आहे. तो हक्क मागताना आपण चुकत नाही, मागितलाच पाहिजे. तसंच आपली लागण खरी नोंदवणं आणि फडाला वाट करून देणं हेही आपलंच काम. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी 1950-51 साली पहिला सहकारी हंगाम घेतला, तेव्हाही शेतकऱ्याच्या विश्वासावरच तो उभा राहिला.

परतीच्या गाडीत तीन गोष्टी ठरल्या. पहिली, गटाची तोडणी यादी लागणीच्या तारखांसह गट कार्यालयात लावायची आणि दर आठवड्याला मोठ्यानं वाचायची. दुसरी, पाळी बदलली तर कारण त्याच यादीवर लिहायचं. तिसरी, मुकादमाला फडाची वाट आदल्या दिवशी दाखवायची.

दोन दिवसांच्या सहलीनं सगळी भांडणं मिटली असं आम्ही म्हणणार नाही. ते हंगामात कळेल. सध्या एवढीच विनंती, की यादी लागली की प्रत्येक सभासदानं जाऊन आपलं नाव आणि तारीख पाहून यावं, चूक असेल तर तिथंच सांगावं. फड पेटल्यावर सांगून उपयोग नाही.