शाळेपूर्वीची न्याहारी : घरच्याच धान्याचा नवा विचार

पहिल्या तासाला जांभया देणारे, पाढे म्हणताना मध्येच अडखळणारे आणि मधल्या सुट्टीनंतर मात्र एकाएकी हुशार होणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. अशा मुलास आळशी अथवा मंद ठरविण्यापूर्वी एक साधा हिशेब करून पाहावा. रात्री आठ वाजता जेवलेले मूल सकाळी केवळ चहा पिऊन शाळेत आले आणि त्यास दुपारी एक वाजता शालेय भोजन मिळाले, तर दोन जेवणांमध्ये सतरा तासांचे अंतर पडते. मेंदूस अखंड साखरेचा पुरवठा लागतो आणि लहान मुलाच्या शरीरातील तिचा साठा मोठ्या माणसापेक्षा लवकर संपतो. म्हणून उपाशी मुलाचे लक्ष उडणे हा स्वभावदोष नव्हे. ती शरीराची मागणी होय.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेने दुपारच्या भोजनाचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली आणि तमिळनाडू राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांतून अशी न्याहारी सुरू केली. तथापि, आपल्याकडे न्याहारीचा भार मुख्यतः घरावरच आहे. म्हणून पालकसभेत हा विषय शिक्षकांनी आवर्जून घ्यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

चहा आणि बिस्किटे का पुरत नाहीत ?

चहा, खारी, टोस्ट अथवा बिस्किटे यांनी पोट भरल्याचा भास होतो. त्यांत मैदा व साखर मुख्य असल्याने प्रथिने थोडी मिळतात आणि भूक लवकर परत येते. शिवाय चहातील टॅनिन हे द्रव्य अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते. ज्या मुलांस, विशेषतः मुलींस, पंडुरोगाचा धोका आहे त्यांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर होय. उलट लिंबू, आवळा व पेरू यांतील जीवनसत्त्व 'क' लोहाच्या शोषणास साहाय्य करते.

न्याहारी अमुकच पदार्थाची असावी, असा नियम जगात कोठेही नाही. जपानात परंपरेने सकाळी भात, सोयाबीनच्या मिसोचे सार व मासे खातात. अमेरिकेत १८९४ च्या सुमारास बॅटल क्रीक येथील केलॉग बंधूंनी शिजविलेले धान्य लाटून व भाजून त्याचे पापुद्रे केले आणि डब्यातील तयार न्याहारीचा व्यवसाय पुढे जगभर पसरला. धान्य आधीच भाजून ठेवावे व आयत्या वेळी दुधात घालून खावे, ही त्यातील मूळ कल्पना आहे. आपल्या ज्वारीच्या लाह्यांतही तीच आहे, आणि नागपंचमीस त्या घरोघरी होतात.

घरातील पर्याय

सातारा व सांगली जिल्ह्यांत धान्याची विविधता मोठी आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी भागांत नाचणी व वरी, माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत बाजरी, ज्वारी व हुलगा, कोरेगावकडे घेवडा, तर तासगावकडे बेदाणा. यांतून पुढील पदार्थ सहज होतात.

१. आंबील : नाचणीचे अथवा ज्वारीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे. सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून शिजवावे. कोमट झाल्यावर ताक, मीठ व ठेचलेला लसूण घालावा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाढत्या हाडांस यातील फरक कळतो.

२. हुलग्याचे माडगे : हुलगे भाजून दळलेले पीठ पाण्यात शिजवून गूळ अथवा मीठ घालावे. हुलग्यात सुमारे पंचमांश भाग प्रथिने असतात व लोहही भरपूर असते. पावसाळ्यात व थंडीत हे विशेष आवडते.

३. लाह्यांचे पीठ : ज्वारीच्या लाह्या दळून डब्यात भरून ठेवाव्यात. दूध अथवा ताक आणि थोडा गूळ घातला की न्याहारी तयार. चूल पेटवावी लागत नाही. त्यामुळे आई पहाटेच शेतावर गेली तरी मोठे भावंड धाकट्यास ती देऊ शकते.

४. घुगऱ्या : मटकी, चवळी वा घेवडा रात्री भिजवून सकाळी शिजवावा व वर लिंबू पिळावे. घेवडा मात्र चांगला उकळून पूर्ण मऊ झाल्याशिवाय मुलांस देऊ नये. अर्धा कच्चा घेवडा पोटास बाधतो.

५. फोडणीची भाकरी : रात्रीची भाकरी कुस्करून कांदा, शेंगदाणे व कोथिंबीर घालून परतावी. धान्यात लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो; म्हणून सोबत वाटीभर उसळ असल्यास दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र निवडून टाकून द्यावेत. त्यांतील विष शिजवूनही पूर्णपणे जात नाही.

शिक्षकांनी काय करावे ?

मुलांस वर्गात उभे करून 'आज काय खाल्लेस ?' असे विचारू नये. ज्याच्या घरी काहीच नव्हते, ते मूल खोटे बोलेल किंवा दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही. त्याऐवजी परिसर अभ्यासाच्या तासास 'आमच्या गावची न्याहारी' असा पाठ घ्यावा. आजी-आजोबांस विचारून जुन्या पदार्थांची नावे मुलांनी वहीत लिहून आणावीत. मोड आणण्याचा प्रयोग वर्गातच करता येतो. पालकसभेत मातांनी एकेक पदार्थ करून आणला, तर व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या शाळांत येतात. त्यांचे आईवडील अंधारातच फडात जातात. या मुलांकडे, तसेच उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेत सर्वच मुलांकडे, अधिक लक्ष पुरवावे. शाळेत लाह्यांच्या पिठाचा व गुळाचा एक डबा असावा आणि गरजू मुलास तो कोणाच्याही नजरेत न येता मिळावा. गावातील सधन शेतकरी अशा कामास धान्य देण्यास सहसा नकार देत नाहीत.

नाचणी, बाजरी, हुलगा ही धान्ये गरिबीची खूण आहेत, असा समज अद्याप काही घरांत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ही गोष्ट अशा पालकांस अवश्य सांगावी. जे अन्न आपण लाजून टाकून देत होतो, त्याचेच महत्त्व आता जग मान्य करीत आहे. मुलाच्या हातात पाटी देण्यापूर्वी त्याच्या पोटात दोन घास गेले आहेत, एवढी खात्री घर व शाळा यांनी मिळून केली, तर पहिल्या तासाचे अध्यापन वाया जाणार नाही.