तुरीचे दोन रानटी भाऊबंद

दिवाळीच्या सुमारास पाथर्डीच्या जिरायत रानात तूर फुलते आणि पाठोपाठ घाटेअळी येते. तिच्यावरचा उतारा तुरीच्या रानटी भाऊबंदांत शोधला जातो. ‘कजानस स्कॅराबिऑइडिस’ हा महाराष्ट्राच्या गवताळ उतारांवरचा बारीक वेल. शेंगांवरील दाट लवेमुळे लहान अळीला त्या पोखरणे जड जाते. ‘कजानस कजॅनिफोलियस’ हे बस्तर-ओडिशाकडचे ताठ झुडूप. दिसायला तूरच, म्हणून तिचा पूर्वज मानले जाते. बियांच्या डोळ्याजवळचा मांसल उंचवटा मात्र त्याचे रानटीपण सांगतो. या दोघांशी संकर करूनही सुपीक परागकण नसलेली, म्हणजे नरवंध्य तूर मिळाली आणि तिच्यापासून संकरित बियाणे तयार झाले: वेलापासून गुजरातचे ‘जीटीएच १’ (२००४), झुडपापासून हैदराबादजवळच्या इक्रिसॅटचे ‘आयसीपीएच २६७१’. माळ नांगरताना, डोंगर पेटवताना तण म्हणून जाते, ते उद्याच्या तुरीचे बियाणे असू शकते.