उशिरा आलेला रोगी

मोठ्या सरकारी इस्पितळात दूरच्या खेड्यातून आलेल्या रोग्याला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की 'इतके दिवस काय करत होता?' प्रश्न तळमळीतून येतो हे मान्य करूनही त्यात रोग्यावर ठेवलेला दोष मला अन्यायाचा वाटतो. आणि आपल्या मुलखातील ख्रिस्ती मिशनांच्या वैद्यकीय कार्याकडे पाहिले म्हणजे तो अन्याय अधिकच स्पष्ट होतो.

छत्रपती संभाजीनगरचे वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या इस्पितळाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणूनच ओळखतो, ते १९५६ साली निघाले. त्यापूर्वीच्या निजामी अमलात खेड्यातल्या माणसाला शिकलेला डॉक्टर भेटणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच असलेल्या जालन्यास, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी स्कॉटिश मिशनचे काम उभे केले, बेथेल ही वसाहत वसविली, आणि पुढे त्या गावी मिशनचे इस्पितळही चालले. तिकडे मिरजेत १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले. परंतु घरचे उपाय, वैदू, नवस आणि सावकाराकडचे कर्ज हे सारे संपल्यावरच कित्येकांनी ही दारे ठोठावली. कारण औषधाबरोबर धर्मही जाईल की काय, ही धास्ती होती. बाहेर बसलेल्या रोग्यांना तपासणीपूर्वी प्रवचन ऐकविण्याची त्या काळच्या मिशन-दवाखान्यांतील सर्रास प्रथा त्या धास्तीला खतपाणीच घालणारी होती, हे त्या सेवेविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगितले पाहिजे.

विलंबाला कधी कधी शास्त्राचाही आधार असे. मोतीबिंदू 'पिकल्याशिवाय' काढू नये, असे आपल्या आजीआजोबांना डॉक्टरच सांगत, आणि जुन्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीत ते सयुक्तिकही होते. पद्धत बदलली, समजूत मात्र राहिली. आणि अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची गेली, की दोष पुन्हा रोग्याच्याच माथी येतो.

परंतु विलंबाचे सर्वांत दारुण रूप कुष्ठरोगात दिसते. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांना सापडलेला त्याचा जंतू इतका मंदगती, की एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि संसर्गापासून पहिल्या लक्षणापर्यंत कित्येकदा पाच किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. ते लक्षण तरी कोणते? तर एखादा फिकट वा तांबूस चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, उलट जेथे स्पर्शच कळेनासा होतो. ज्या कष्टकऱ्याने ताप आणि पाठदुखी यांचीही कधी दखल घेतली नाही, त्याने न दुखणाऱ्या डागासाठी रोजंदारी बुडवून तालुक्याला जावे, ही अपेक्षाच मुळी अवास्तव आहे. शिवाय घरात लग्नाची मुलगी असली, की डाग लपविण्याकडेच साऱ्या कुटुंबाचा कल असतो. दरम्यान मज्जातंतू निकामी होत जातो. बोटे आखडतात, डोळ्याची पापणी मिटत नाही. नव्याने झालेली ही इजा साधारण सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाल्यास पुष्कळदा भरून येते, नंतर मात्र ती आशा झपाट्याने मावळते.

बोटे रोगच खातो, असे पूर्वी डॉक्टरही मानीत. कोल्ली डोंगरात मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेले आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे झिजतात ती वेदनाच नाहीशी झाल्यामुळे: चुलीवरचे भांडे हाताला पोळते ते कळत नाही, पायात काटा रुततो तो कळत नाही, आणि जखम चिघळत राहते. स्नायुबंध एका जागेवरून दुसरीकडे जोडून आखडलेला हात पुन्हा कामास लावण्याची त्यांची शस्त्रक्रिया पुढे देशोदेशी गेली. आपल्याकडे परतवाड्याजवळील कोठारा येथील मिशनचे रुग्णालय याच रोगासाठी झटत आले आहे. तेथील वा वेल्लोरच्या शल्यकर्माची थोरवी मी कमी लेखत नाही. पण असा हात दुरुस्त करावा लागणे, हेच मुळी कोणीतरी वेळेवर त्या रोग्यापर्यंत पोहोचले नव्हते, याचे प्रमाण आहे.

औषध आज सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधयोजना सहा महिने वा एक वर्ष नेमाने घेतली, की रोग बरा होतो. म्हणूनच डॉक्टरच्या दारात रोगी येण्याची वाट पाहण्याऐवजी घरोघर जाऊन डाग तपासण्याच्या ज्या मोहिमा निघतात, त्यांना मी इस्पितळाच्या नव्या इमारतीहून अधिक महत्त्व देतो. गावची आशाताई उंबऱ्यावर येऊन पाठीवरचे चट्टे पाहते आणि संशय आला तर आरोग्य केंद्रात पाठविते. तेथे डोळे मिटावयास सांगून चट्ट्याला हलकेच पेनाचे टोक लावले, आणि 'कुठे लागले?' या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर त्याच दिवशी पहिली मात्रा पोटात जाऊ शकते.