झोपलेल्या संगणकाला उठवायचे कोणी?

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण म्हणतो. संगणकाच्या बाबतीत मात्र खरोखर झोपलेल्याला उठवणेही वाटते तितके सोपे नाही. मी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. दूरवरून संगणक जागा करण्याच्या सोयीत या दुभाष्याचे काम काय, ते आज सांगतो.

संगणक झोपतो तेव्हा प्रोसेसर थांबतो, पंखा थांबतो, पडदा काळा होतो. पण भिंतीतली वीज चालू असेल तर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक बारीक धार चालूच ठेवतो. त्या धारेवर नेटवर्क कार्डाचा एक कोपरा जागा राहू शकतो. सगळे घर झोपले आणि फाटकावरचा गुरखा तेवढा जागा, असा हा प्रकार.

गुरख्याने कोणत्या हाकेला उठवायचे? एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी १९९५ साली त्यासाठी एक खूण ठरवली. तिचे नाव ‘मॅजिक पॅकेट’. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच ६ बाइटांचा पत्ता मिळालेला असतो. या खुणेत आधी सगळे बिट १ असलेले ६ बाइट येतात, मग तो पत्ता लागोपाठ १६ वेळा. एकूण १०२ बाइट. कार्डाला मजकूर समजावा लागत नाही. आपले नाव १६ वेळा ऐकू आले की ते मदरबोर्डाला इशारा देते आणि संगणक उठतो.

आता ड्रायव्हरकडे येऊ. त्याला दोन प्रश्न कायम वेगळे ठेवावे लागतात. पहिला, या कार्डाला उठवता येते का? दुसरा, त्याने उठवावे अशी मालकाची इच्छा आहे का? पहिला प्रश्न ऐपतीचा, दुसरा परवानगीचा. ड्रायव्हर सुरू होतानाच कार्डाला पहिला प्रश्न विचारतो आणि उत्तर लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे नोंदवतो. परवानगी मात्र मालक देतो. लिनक्समध्ये ‘ईथटूल’ या आज्ञेने ‘जी’ हे अक्षर दिले की मॅजिक पॅकेटला होकार, ‘डी’ दिले की नकार. कार्डाला न झेपणारी गोष्ट कुणी मागितली, तर ड्रायव्हरने तोंडावर नाही म्हणावे. मान डोलावून गप्प बसणारा ड्रायव्हर सर्वांत वाईट, कारण मालक निर्धास्त होऊन परगावी जातो आणि फसतो.

खरी कसोटी झोपेच्या क्षणी लागते. ऐपत आणि परवानगी दोन्ही असतील, तरच ड्रायव्हर कार्डाचे कान उघडे ठेवतो, कोणती हाक ऐकायची ते कार्डात लिहितो, आधीच्या इशाऱ्याची राहिलेली खूण पुसतो आणि मगच कार्डाला झोपवतो. ती जुनी खूण पुसायची राहिली तर संगणक डोळा मिटताच पुन्हा उठू शकतो. दोहोंपैकी एक जरी नसेल, तर कार्ड पूर्ण बंद करून वीज वाचवावी. जाग आल्यावर हा सगळा पहारा उठवायचा, हेही त्याचेच काम.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्या पत्त्यावर आलेल्या कोणत्याही पॅकेटला उठायचे असे ठरवले, तर गजबजलेल्या नेटवर्कवर संगणकाला झोप म्हणून मिळत नाही आणि विजेचे बिल चढते. शिवाय साध्या मॅजिक पॅकेटमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही. त्याच नेटवर्कवरच्या ज्याला पत्ता ठाऊक आहे तो कुणीही हाक मारू शकतो. म्हणून ऐपत आहे एवढ्यावरून परवानगी गृहीत धरू नये.

आपल्यातले कित्येक जण इथे बसून पुण्या-नाशिकला आईवडिलांच्या संगणकाची देखभाल करतात. इथून थेट मॅजिक पॅकेट पाठवून तो उठेल का? सहसा नाही. ही हाक बहुधा एका घरच्या नेटवर्कपुरती, सगळ्यांना उद्देशून मारलेली असते. बाहेरून आलेल्या अशा सामूहिक हाका राउटरने मुळातच आत सोडू नयेत, असा दंडक १९९९ मध्ये झाला, कारण त्यांचा गैरवापर होत होता. उपाय असा, की तिथले एखादे छोटे यंत्र, किंवा सोय असेल तर राउटरच, जागा ठेवायचा. व्हीपीएनच्या सुरक्षित वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचायचे आणि हाक त्यालाच मारायला सांगायची.

पुढच्या भारतभेटीत हे बसवून द्याल, तेव्हा विमानतळाकडे निघण्याआधी संगणक झोपवून एकदा उठवून पाहा. आणि वापर नसेल, तर ती परवानगी बंदच ठेवा.